टेम्पोतला पिवळा दिवा

शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या धंद्यात या वेळचा फोन म्हणजे कुठला तरी सर्व्हर झोपला. पण मागच्या शनिवारी फोन आला तो तळमजल्यावरच्या काकांचा.

"उठलास काय रे? जरा खाली ये. टेम्पोत दिवा पेटलाय."

आता मी इंजिनिअर असलो तरी कॉम्प्युटरचा. पण सोसायटीच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. वायफाय, मिक्सर, लिफ्ट, सगळ्याला मीच. गेलो डोळे चोळत खाली.

काका वर्सोव्याचे कोळी. घरची बोट पुतण्या बघतो, काकांकडे सीएनजीचा छोटा टेम्पो. पहाटे बंदरावरून बर्फातलं म्हावरं भरायचं, अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजारांत पोचवायचं. शेवटची टोपली काकूंची, त्या सात बंगल्याच्या बाजारात बसतात. बर्फ वितळायच्या आत सगळं पोचलं पाहिजे, म्हणजे टेम्पो एक दिवस उभा राहिला तरी पंचाईत.

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा तो पिवळा दिवा शांतपणे जळत होता. दोन दिवसांपूर्वी काकांनी एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं. तिथे स्कॅनर लावून निदान झालं, "कॅट गेला." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेंसरच्या पाइपात बसवलेला तो डबा. नवीन टाकायचा तर चाळीस हजारांच्या वर. नाहीतर डबा आतून रिकामा करतो, मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक छोटा स्पेसर लावतो, दिवा बंद. तीन हजार रुपये. फक्त आतला जुना माल गॅरेजवाल्याकडे राहणार. (ही शेवटची अट लक्षात ठेवा.)

काकांचा प्रश्न अगदी साधा होता. "गाडी मस्त पळते. पिकअप आहे, अ‍ॅव्हरेज आहे, पीयूसी परवाच पास झाली. मग हा दिवा पेटलाय कोनासाठी?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. माझ्याकडे गाडीचे कोड वाचणारं हजारेक रुपयांचं ब्लूटूथ डोंगल आहे, हौसेनं घेतलेलं. ते स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावलं. कोड आला पी ०४२०. म्हणजे कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेलंय. पण सोबत अजून एक कोड साठवलेला होता, पी ०३०१. म्हणजे एक नंबरचा सिलेंडर मधूनमधून मिसफायर होतोय. या दुसऱ्या कोडबद्दल गॅरेजवाला काही बोललाच नव्हता.

"उद्या रविवारी बघू," म्हटलं आणि वर आलो. दिवसभर कपडे धुणं वगैरे सोडून हेच वाचत बसलो. त्या एका दिव्यामागे शंभर वर्षांची भानगड आहे, मंडळी.

सुरुवात होते ९ डिसेंबर १९२१ ला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरला शोध लागला, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड म्हणजे शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं तर इंजिनचं नॉकिंग थांबतं. इंजिन जास्त ताकदीचं करता येतं आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. शिसं विषारी आहे हे तेव्हा माहीत नव्हतं असं अजिबात नाही. रोमन काळापासून माहीत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हेच द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यावर मिजलीसाहेबांनी पत्रकार परिषद घेतली, ते द्रव्य हातावर ओतून घेतलं, त्याची वाफ हुंगून दाखवली आणि काही होत नाही असं सांगितलं. (ते स्वतः आधीच शिशाच्या विषबाधेवर उपचार घेऊन आले होते!) पुढची पन्नास वर्षं जगभरच्या गाड्या शिसं ओकत राहिल्या.

दुसरं पात्र युजीन हूड्री, फ्रेंच माणूस. कच्च्या तेलापासून उत्प्रेरक वापरून चांगलं पेट्रोल काढायची पद्धत त्याची. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना लागणारं इंधन बनवण्यात तिचा मोठा वाटा होता. युद्धानंतर तो अमेरिकेत होता आणि लॉस एंजलिसच्या धुरक्याबद्दल वाचत होता. त्याच सुमारास कॅल्टेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की हे धुरकं मुख्यतः गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतं. (हे गृहस्थ त्याआधी अननसाच्या वासावर संशोधन करत होते.) हूड्रीच्या डोक्यात आलं, की जो उत्प्रेरक पेट्रोल बनवायला वापरला, तोच गाडीच्या शेपटीला लावून धूर का साफ करू नये? १९५६ मध्ये त्याला पेटंटही मिळालं.

पण गाडीत ते चालेना. कारण शिसं. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर शिशाचा थर बसला की तो मेला. हूड्री १९६२ मध्ये वारला. त्याचा डबा तेव्हाही कारखान्यांतल्या फोर्कलिफ्ट वगैरेंपुरताच राहिला होता.

पुढे १९७० चा अमेरिकेतला स्वच्छ हवा कायदा आला. पाच वर्षांत गाड्यांचा विषारी धूर नव्वद टक्के कमी करा, असं त्यात फर्मान होतं. कंपन्यांना कन्व्हर्टरशिवाय मार्ग दिसेना आणि कन्व्हर्टरला शिसं चालेना. म्हणून १९७४ पासून अमेरिकेत बिनशिशाचं पेट्रोल पंपावर ठेवणं सक्तीचं झालं आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर आला.

इथे मी वाचता वाचता थांबलो. म्हणजे बघा, शिशानं माणसं मरतात हे १९२४ मध्ये दिसलं होतं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो असं डॉक्टर सांगत होते. तरी ते पेट्रोलमधून हलत नव्हतं. ते हलायला लागलं ते मुख्यतः एका यंत्राला ते सोसत नव्हतं म्हणून. आरोग्याचे नियमही मागोमाग आले हे खरं. पण पंपावर पहिली बिनशिशाची नळी आली ती त्या डब्याच्या तब्येतीसाठी.

आता ऑक्सिजन सेन्सर. सुरुवातीचे कन्व्हर्टर दोनच कामं करत, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळून टाकणं. नायट्रोजन ऑक्साइडचं काम उलटं. तिथे ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. एकाच डब्यात ऑक्सिजन द्यायचाही आणि काढायचाही, हे कसं जमणार? एंगेलहार्ड कंपनीतल्या कार्ल कीथ, जॉन मूनी आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात ते जमवलं. प्लॅटिनम आणि ऱ्होडियमसारखे धातू, आणि सोबत सिरियमचा ऑक्साइड. हा सिरियम ऑक्साइड ऑक्सिजनची तिजोरी आहे. जास्त झाला की साठवतो, कमी पडला की सोडतो. अट एकच, हवा आणि इंधनाचं प्रमाण काटेकोर पाहिजे. पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ ला १, सीएनजीला १७ च्या आसपास.

हे प्रमाण चालत्या गाडीत कोण सांभाळणार? त्यासाठी बॉशनं १९७६ मध्ये झिर्कोनियाचा सेन्सर बाजारात आणला आणि व्होल्वोनं तो अमेरिकेत विकायच्या गाड्यांत सगळ्यांत आधी बसवला. धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कमी असेल तर ०.९ च्या आसपास. तेवढ्यावरून गाडीचा कॉम्प्युटर सेकंदाला इंधन कमीजास्त करत राहतो. आमच्या भाषेत फीडबॅक लूप. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर मी कसाबसा काढला होता. तेव्हा कोणी सायलेंसर दाखवला असता तर दहा मार्क जास्त पडले असते.

हे सगळं मुंबईत कधी आलं? सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांची प्रदूषणाविरुद्धची याचिका चालू होती, तिच्या रेट्यातून १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याआधी आपल्या पेट्रोलमध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असे. १९९४ मध्ये या चार शहरांत ते ०.१५ वर आणलं होतं. १९९५ नंतर काही वर्षं दोन्ही पेट्रोलं शेजारी शेजारी मिळत होती. चुकून शिशाचं भरलं की नवीन डब्याची वाट लागणार. शेवटी १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं.

पुढचा रस्ता आखला तो आपल्या माशेलकर सरांच्या समितीनं. २००१ मध्ये नेमलेल्या रघुनाथ माशेलकर समितीनं वाहन-इंधन धोरण दिलं आणि कुठल्या साली कुठल्या शहरात कुठला भारत स्टेज, याचं वेळापत्रक तयार झालं. मुंबईत बीएस तीन २००५ मध्ये आणि बीएस चार २०१० मध्ये आलं. मग २०१६ मध्ये ठरलं की पाच नंबर गाळून थेट सहावर उडी मारायची. बीएस सहा लागू झालं १ एप्रिल २०२० ला. तेव्हा लॉकडाऊनमुळे रस्त्यावर गाडीच नव्हती, पण तो भाग वेगळा. प्रत्येक पायरीला पेट्रोलमधलं गंधकही उतरत गेलं. बीएस तीनला दशलक्षात १५० भाग होतं, बीएस सहाला १०. कारण गंधकही या डब्याला मानवत नाही.

या सगळ्याचा उपयोग झाला का? शिशापुरतं उत्तर मिळतं. १९९७ च्या सुमारास मुंबईत तपासलेल्या लहान मुलांपैकी दहातल्या सहा जणांच्या रक्तात शिसं डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं होतं. शिसं बंद झाल्यावर पुन्हा तपासणी झाली, तिचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यात हे प्रमाण तिघांत एकावर आलं होतं. अजूनही वाईटच, पण केवढा फरक! मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत जन्मलोय. म्हणजे त्या काळच्या हवेत रांगणारी पोरं म्हणजे माझीच बॅच. मग हे आकडे परक्यासारखे वाचवत नाहीत.

राहिला तो दिवा. कायदा केला, डबा बसवला, पण डबा चालतोय की मेलाय हे कळणार कसं? चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही, कारण कन्व्हर्टर मेला तरी गाडी छान पळते. पीयूसीत गाडी उभी ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणून अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांवर ओबीडी-दोन नावाचा नियम आला, की गाडीनं स्वतःच स्वतःवर पाळत ठेवायची आणि चूक सापडली की दिवा लावायचा. आपल्याकडे ओबीडीची पहिली पायरी २०१० मध्ये आली आणि दुसरी २०१३ मध्ये.

यातली गंमत अशी, की गाडी प्रदूषण मोजतच नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक सेन्सर असतो आणि नंतर एक. आधीच्या सेन्सरचा व्होल्टेज सतत खालीवर नाचतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर आतली सिरियमची तिजोरी चढउतार गिळून टाकते आणि मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला तर कॉम्प्युटर समजतो की तिजोरी रिकामी, आणि पी ०४२० लावतो. म्हणजे हा अंदाज आहे, पुरावा नाही. आणि अंदाज चुकू शकतो.

रविवारी सकाळी काकांचा धंदा आटपल्यावर आम्ही दोघं टेम्पोपाशी बसलो. इंजिन गरम झाल्यावर मोबाइलवर दोन्ही सेन्सरचे आलेख लावले. पुढचा झकास नाचत होता. मागचा थोडा नाचत होता, पण पुढच्याची नक्कल म्हणावी इतका नाही. मधूनच खाली बुडी मारत होता. याचा अर्थ मागच्या सेन्सरला कुठून तरी जास्तीचा ऑक्सिजन मिळतोय.

मग इंजिन पार थंड होऊ दिलं आणि पुन्हा चालू करून पाइपाच्या जोडापाशी कान नेला. फुस, फुस, फुस. कन्व्हर्टरच्या अलीकडच्या जोडाचं पॅकिंग गेलं होतं, कडेला राखाडी डाग होता आणि एक बोल्ट गंजून अर्धा झाला होता. आपल्याला वाटतं फटीतून धूर फक्त बाहेर जातो. पण धूर धक्क्याधक्क्यानं येतो, आणि दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसत होता. आणि गंज का, हे काकांना सांगायची गरज नव्हती. समुद्राची हवा, त्यात रोज मागून गळणारं बर्फाचं खारं पाणी.

मिसफायरसाठी प्लग काढून बघितले. एकाचं टोक पार झिजलेलं. सीएनजीवर प्लगना जास्त ताण पडतो. मिसफायर झालं की न जळलेला गॅस कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतो आणि आतली चिनी मातीची जाळी वितळूही शकते. (म्हणूनच हा दिवा नुसता न जळता लुकलुकायला लागला तर गाडी हळूहळू बाजूला घ्या. ती वेळ थांबायची आहे.) म्हणजे स्पेसर लावून दिवा गप्प केला असता, तर झिजलेला प्लग तसाच राहिला असता.

आणि ती अट आठवतेय ना, आतला माल आमच्याकडे राहील? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्या सुमाराला ईको व्हॅनचे सायलेंसर चोरीला जायच्या बातम्या येत होत्या त्या यामुळेच. काकांनी तीन हजार द्यायचे आणि वर मालही द्यायचा!

शेजारच्या एका मेकॅनिककडून पॅकिंग, बोल्ट आणि प्लग बदलून घेतले. दोन हजारांच्या आत काम झालं. कोड पुसला. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या, त्यामुळे पी ०४२० नक्की कशामुळे आला होता हे आता ठामपणे सांगता येणार नाही. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी ओरडलो असतो. पण सोमवारी पहाटे बंदरावर पोचायचं होतं.

कोड पुसल्यावर दिवा बंद होतोच, त्यावर विश्वास ठेवू नये. गाडी काही दिवस वेगवेगळ्या वेगानं चालल्यावर कॉम्प्युटर ती चाचणी पुन्हा घेतो. गुरुवारी चाचणी पूर्ण झाली. कोड नाही, दिवा नाही. फी म्हणून काकूंकडून बोंबील आले.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी बोंबील खाताना दिलं. "काका, पेट्रोलचा काटा, तापमानाचा काटा हे तुमच्यासाठी आहेत. हा दिवा तसा नाही. सायलेंसरच्या मागे जो उभा असेल, त्याच्यासाठी आहे."

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सात बंगल्याला टोपली उतरवताना मी इंजिन बंद करत नाय. ही तिथंच बसलेली असते, खाली."

फुटपाथवर बसलेल्या माणसाचं नाक आणि टेम्पोचा सायलेंसर साधारण एकाच उंचीवर येतात, हे माझ्याही आधी लक्षात आलं नव्हतं.

ऑफिसात आम्ही काय करतो? अलर्ट फार यायला लागले की म्यूट करतो. अ‍ॅप तर चालतंय ना! ज्या युजरचं अडतं तो आमच्या खोलीत नसतो. माझ्या मते या दिव्याची खरी करामत हीच आहे, की जो खोलीत नाही त्याची तक्रार तो गाडीच्या आत आणून ठेवतो. त्याच्यासाठी कोर्टात भांडावं लागलं, पेट्रोल बदलावं लागलं, एवढी वर्षं लागली. आणि तो गप्प करायला तीन हजार रुपयांचा स्पेसर पुरतो.

काल पुन्हा आलेख बघितला. मागचा सेन्सर शांत आहे, पण अगदी नव्या गाडीइतका नाही. कन्व्हर्टर म्हातारा होतोय. काकांनी विचारलं, "वर्ष-दोन वर्षांनी खरंच गेला तर?"

"तर चाळीस हजार," मी म्हटलं.

काका काही बोलले नाहीत. चाळीस हजार म्हणजे त्यांच्या घरात काय असतं, हे मला माहीत आहे. आणि तो गॅरेजवाला तेव्हाही तिथेच असणार.